मार्क्सवादात स्वप्नांना जागा आहे का? ब्लॉख वाचलेल्यांनी सांगा

सत्तरीकर:
एमएला फिलॉसॉफी आहे, अर्न्स्ट ब्लॉख या जर्मन मार्क्सवादी विचारवंतावर पेपर द्यायचाय. मार्क्सचा सहकारी एंगल्स, त्याने 1880 मध्ये युटोपियन (आदर्श समाजाचं चित्र रंगवणारा) समाजवाद वेगळा नि शास्त्रीय वेगळा अशी फारकत केली, मार्क्सनेही उद्याच्या समाजाची रेसिपी द्यायला नकार दिला, मग हा माणूस मार्क्सवादी म्हणवून आशेवर तीन खंड कसे लिहितो? आणि इथे गोव्यात वर्गातली अर्धी पोरं पोर्तुगीज पासपोर्टच्या मागे आहेत, आशा म्हणजे बाहेर जाणं एवढंच उरलंय काय?

फोंड्याची ताई:
एंगल्स परत वाच रे. ओवेन, फुरिए या युटोपियन समाजवाद्यांना तो मानच देतो, त्याचं म्हणणं एवढंच की नुसता छान आराखडा काढून समाज बदलत नाही, बदलायची ताकद आजच्याच परिस्थितीत शोधावी लागते. ब्लॉख तिथूनच पुढे जातो. नाझींमुळे देश सोडावा लागला होता त्याला, आणि 1935 च्या पुस्तकात तो आपल्याच डाव्या लोकांना सुनावतो की तुम्ही आकडे सांगत बसलात, लोकांची स्वप्नं नाझींनी पळवली. मला हे आज जास्तच पटतं.

मुंडकाराचा नातू:
मी पुस्तकी माणूस नाही पण ब्लॉखचं ते 'अजून-नाही', म्हणजे जे अजून घडलं नाही पण घडू पाहतंय, ते मला आजीमुळे कळलं. घर आमचं, जमीन भाटकाराची म्हणजे जमीनदाराची, भिंत घालायची तर त्याला विचारायचं आणि तो नाही म्हणायचा. तरी आजीने थोडे थोडे करून चिरे आणून मागीलदारी रचून ठेवलेले, वर्षानुवर्षं, शेवाळ धरलं त्यांना, पोरं त्यावर बसून फणस खायची. 1975 ला मुंडकार कायदा आला, आमच्यासारख्या भाटकाराच्या जमिनीवर घर असलेल्या मुंडकारांना संरक्षण देणारा, नि त्याच चिऱ्यांची भिंत उभी राहिली. कायदा आभाळातून पडला नाही, लोक त्यासाठी झगडले. पण आजीने चिरे आधीच आणून ठेवलेले ना!

फोंड्याची ताई:
वा बाब, डोळ्यात पाणी आणलंस. सत्तरीकर, एक मात्र पेपरात लपवू नकोस, याच ब्लॉखने तीसच्या दशकात मॉस्कोच्या खटल्यांची, म्हणजे स्टालिनने आपल्या विरोधकांवर चालवलेल्या खटल्यांची, बाजू घेतली होती, आशा माणसाला आंधळंही करते. पुढे 1961 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली तेव्हा तो पश्चिमेत होता, परत पूर्व जर्मनीत लाइपझिगला गेलाच नाही, आणि पश्चिम जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठातल्या पहिल्याच व्याख्यानात त्याने विषय घेतला, आशेचा भंग होऊ शकतो का. म्हणाला, होऊ शकतो, भंगच होऊ शकत नाही ती आशा कसली.

सत्तरीकर:
ताई, हे व्याख्यान आजच शोधतो. आणि बाब, तुमच्या आजीचे चिरे पेपरात घेतले तर चालतील का?

मुंडकाराचा नातू:
घे की. भिंत अजून आहे, फोटो काढायला ये.