क्लॅरेंडनला म्हातारा म्हणणाऱ्यांसाठी

टिळकवाडीकर: काल इथं एकानं लिहिलं, 'दुकानाच्या पाटीवर क्लॅरेंडन हा जाड इंग्रजी फॉन्ट टाकणाऱ्यांचं घड्याळ बंद पडलंय, बारीक, स्वच्छ अक्षर वापरा.' डोकं फिरलं वाचून. १८४५ साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यात, रॉबर्ट बेझलींनी हे अक्षर काढलं, ते शोभेला नव्हे. शब्दकोशात मूळ शब्द मजकुरातून उठून दिसावा, हे त्याचं काम. सेरिफ, म्हणजे अक्षराच्या टोकांच्या छोट्या पट्ट्या, दणकट, पण उभ्या खांबाला वळण घेऊन मिळालेल्या. 'आर'च्या टोकाला टपोरा गोळा. बारीक रेघही फार बारीक नाही, म्हणून हलक्या कागदावर शाई पसरली तरी अक्षर तग धरतं. नक्कल होऊ नये म्हणून घेतलेल्या नोंदणीचं संरक्षण तीन वर्षांचं होतं. ते संपलं आणि बाकीच्या फाउंड्र्या नकलांवर तुटून पडल्या. उगाच?

फ्लेक्सवाला: मीच लिहिलं ते. गिऱ्हाईक म्हणतंय, 'जाड करा ओ, लांबनं दिसू दे की.' केलं जाड, तर 'ज्ञ' आणि 'ष्ट'ची पोटं बुजून काळे ठिपके. तुमचं क्लॅरेंडन इंग्रजीत शोभतंय. खाली देवनागरी आली की सगळा अवतार.

शहापूरचा: फॉन्टचं काय घेऊन बसलाय? कर्नाटकच्या भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनं पाटीवर साठ टक्के कन्नड, तेही वरच्या भागात. उरलेल्या पट्टीत मराठी आणि इंग्रजी कोंबायची. आमच्या काकांच्या किराणा दुकानाचं मराठी नाव आता बिलावरच्या पत्त्याएवढं झालंय.

खानापूर रोड: झालं! बेळगावात चहाच्या दरावर धागा काढला तरी तिसऱ्या प्रतिसादात सीमावादावरचा महाजन अहवाल येतोच.

शहापूरचा: येणारच. तुमची पाटी उतरवून बघा, मग या शिकवायला.

निपाणीची सून: माझं माहेर कन्नड, सासर मराठी, त्यामुळे दोन्हीकडून ऐकून घेते. कन्नडवर राग काढून काय मिळणार? पूर्वी एकच पेंटर तिन्ही लिप्या एकाच ब्रशनं काढायचा. कन्नड अक्षरावरची रेघ म्हणजे तलकट्टू, मराठीची शिरोरेघ, इंग्रजीचे सेरिफ, सगळ्यांची जाडी आपोआप जुळायची. आता तीन फॉन्ट तीन दिशांना.

फ्लेक्सवाला: पेंटर आणा, मग बोला! तो चार दिवस लावणार, आणि माझ्याकडं गिऱ्हाईक चहा पिऊन होईस्तोवर पाटी मागतंय.

टिळकवाडीकर: बरं बाबा, 'ष्ट' बुजतो, तुमचं खरं. समाधान? पण तुम्ही बोल्डचं बटण दाबून साध्या अक्षराला चहूबाजूंनी सूज आणता, त्यात क्लॅरेंडनचा काय गुन्हा? मुळातच जाड काढलेलं देवनागरी घ्या. त्यात आतल्या पोकळ्या राखलेल्या असतात. शिवाय अक्षरांमध्ये थोडी जागा सोडा.

शहापूरचा: सोडा की! कुठली सोडू? वरच्या साठ टक्क्यांतली?