मदत हवी आहे: गेमिंग पीसीला एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

लेकाची बारावी संपली आणि त्याने साठवलेल्या पैशांतून एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणलं, आरटीएक्स ३०७०. बाकी मशीन तीन वर्षांपूर्वीचं: रायझेन ५ ५६००, १६ जीबी रॅम, एक एसएसडी, एक हार्ड डिस्क. आधी त्यात जीटीएक्स १६५० कार्ड होतं, तेव्हा कसली तक्रार नव्हती. आता नुसतं ब्राउझिंग केलं तर दिवसभर चालतो, पण गेम लावून पाच-सात मिनिटं झाली की खट्कन बंद. निळा स्क्रीन नाही, काही नाही, थेट अंधार. मागचं बटण बंद करून परत लावलं की मुकाट सुरू होतो.

एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेलाच आहे, ५०० वॅट छापलंय. एक दुकानदार म्हणतो ८५० च्या खाली बघूच नका. दुसरा म्हणतो ५०० रग्गड झालं, कार्डच गेलंय. लेकाचं म्हणणं, हजारचाच घेऊ. बजेट सहा-सात हजार. आम्ही इचलकरंजीचे, घरामागे माग चालतात, त्यामुळे व्होल्टेज खाली-वर. मला मोटरमधलं कळतं, यातलं नाही. हजार वॅटने बिल वाढेल का, हा सौ.चा प्रश्न.

प्रतिसाद

काका, मोटर घेताना पाटी वाचता ना? तशीच याची वाचा. कडेला स्टिकर असेल, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते सांगा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जेवतात, ५ आणि ३.३ चे आकडे गेमच्या कामाचे नाहीत. आणि कार्डाला वायर कुठून आणलीय तेही बघा. १६५० मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागवू शकतं, ३०७० ला वेगळी जोडणी लागते.

धागाकर्ता

झाकण काढून बॅटरीच्या उजेडात वाचलं. +१२ व्होल्ट, १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट! मग ५०० आले कुठून? मागावर अशी मोटर कुणी लावली असती तर आम्ही त्याला दारात उभं केलं नसतं.

कार्डावर आठ-आठ पिनांची दोन सॉकेटं आहेत. बसवणाऱ्याने हार्ड डिस्कच्या जुन्या चार पिनांच्या प्लगांना कन्व्हर्टर लावून तिथे वीज दिलीय. त्यातल्या एका प्लगचं पांढरं प्लास्टिक पिवळ्या वायरीपाशी तपकिरी पडलंय. नाक जवळ नेलं तर करपल्याचा वास.

प्रतिसाद

आधी गेम बंद करा, आजपासूनच. तो कन्व्हर्टर फेकून द्या. आठ पिनांचं एक सॉकेट १५० वॅटपर्यंत ओढू शकतं, हार्ड डिस्कचा प्लग त्यासाठी केलेलाच नाही.

आता हिशेब. कार्ड २२० वॅट. प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ असलं तरी तो ७६ पर्यंत जातो. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५० धरा. झाले साधारण ३५०. पण हे कार्ड क्षणभरासाठी, म्हणजे काही मिलिसेकंद, आपल्या आकड्याच्या दीडपटही ओढतं. मोटर सुरू होताना करंट कसा उसळतो, तसंच, फक्त इथे ते गेम चालू असताना सारखं होत राहतं. तो झटका सोसला नाही की एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो, आणि मागचं बटण फिरवेपर्यंत उठत नाही. तुमचं लक्षण नेमकं तेच. कार्ड बहुतेक ठणठणीत असेल.

३०७० साठी त्याची कंपनी एनव्हीडिया स्वतः ६५० वॅटचा एसएमपीएस सांगते. चांगला ६५० घ्या, १२ व्होल्टवर ५० अँपिअरच्या वर लिहिलेला. पुढे मोठं कार्ड घ्यायचं मनात असेल आणि फरक हजारभराचा असेल तर ७५०. हजारचं खूळ लेकाच्या डोक्यातून काढा. फालतू ८५० पेक्षा नामवंत ६५० केव्हाही भारी.

प्रतिसाद

वहिनींना सांगा, मशीनला ३५० लागले तर ३५० च्या हिशेबानेच ओढणार, हजारचा लावला म्हणून हजार नाही. वर नुकसानीपोटी थोडे जातात. एसएमपीएसवर ब्राँझ, गोल्ड असा शिक्का असतो, ब्राँझपेक्षा गोल्डमध्ये ते कमी. मात्र ब्राँझ-गोल्ड हा वीज वाया किती जाते याचा शिक्का आहे, मजबुतीचा नव्हे.

व्होल्टेजसाठी १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला बघा. आणि जोडताना दोन सॉकेटांना दोन स्वतंत्र वायरी द्या, एकाच वायरीची दोन टोकं नकोत. सुट्या वायरींचा (वायरी काढता-घालता येणारा) एसएमपीएस घेतलात तर दुसऱ्या कंपनीची वायर चुकूनही त्यात खुपसू नका, बसते पण आतली जुळणी वेगळी असते. माझी एक एसएसडी अशीच गेली.

धागाकर्ता

६५० गोल्ड आणला, काल रात्री बसवला. लेक अडीच तास खेळला, एकदाही बंद नाही. सर्वांचे आभार. एकच राहिलं, यूपीएस ६०० व्हीएचा आहे, चालेल?

प्रतिसाद

पाटी वाचा :) त्यावर ३६० वॅट असेल. गेममध्ये भिंतीतून चारशेच्या आसपास जातात, वर मॉनिटर. लाइट गेली की तोही बसेल. किमान १००० व्हीए, ६०० वॅटचा बघा. तोवर लेकाला सांगा, लाइट गेली की लगेच सेव्ह करून बंद कर.

धागाकर्ता

सांगितलं. म्हणतो, ऑनलाइन गेम सेव्ह होत नसतो, बाबा.