अनुभव धागा : उतारवयातील मॅक्युलाचा आजार आणि ताटातले अन्न

गेल्या श्रावणात पोथी वाचताना बाबांना (वय ७४) ओळी मध्येच वाकलेल्या दिसू लागल्या, आणि मोतीबिंदू असेल असे समजून आम्ही दोन महिने घालवले. तपासणीत निघाला तो मॅक्युलाचा, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा, वयोमानाने होणारा कोरडा ऱ्हास. दोन्ही डोळ्यांत, मध्यम टप्प्यावर. तेव्हापासून आहाराचे इतके सल्ले येत आहेत की कोणता पाळावा हेच उमगेना. ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांनी काय खाल्ले, काय सोडले आणि त्यावर डॉक्टरांचे म्हणणे काय पडले, हे आजाराच्या टप्प्यासह लिहावे, ही विनंती.

सेवानिवृत्त शिक्षिका, सांगली :
माझ्या आईच्या निदानाला सहा वर्षे झाली. पहिले वर्षभर मी तिला नेमाने गाजराचा रस दिला. गाजरातून मिळणाऱ्या अ जीवनसत्त्वाने रातांधळेपणा टळतो. मॅक्युलाला तिचा पिवळा रंग देणारी द्रव्ये मात्र ल्युटीन आणि झिॲक्सँथिन ही आहेत, आणि शरीर ती स्वतः तयार करत नसल्यामुळे पालक, मेथी, मका, अंड्याचा बलक अशा अन्नातूनच ती घ्यावी लागतात, हे मला डॉक्टरांकडून उशिरा कळले. शिवाय ती स्निग्ध पदार्थांत विरघळणारी असल्याने, तेल वर्ज्य म्हणून आम्ही देत असलेल्या नुसत्या उकडलेल्या भाजीतून ती नीट शोषली जात नव्हती. आता पालेभाजीला लसणाची फोडणी असते. अंड्याच्या बाबतीत मात्र आईपुढे माझे काही चालले नाही. गेलेली दृष्टी परत आलेली नाही. एका डोळ्याचा आजार वाढला, दुसरा टिकून आहे. त्याचे श्रेय भाजीला द्यावे काय? ती न खाल्लेली दुसरी आई तुलनेला कोठून आणू?

माजी बँक कर्मचारी, नागपूर :
माझाही टप्पा मध्यम आहे. मुलाने डोळ्यांसाठीच्या म्हणून आणलेल्या गोळ्यांत बीटा-कॅरोटीन (गाजरातले, शरीरात अ जीवनसत्त्व बनणारे द्रव्य) होते आणि मी तीस वर्षे सिगारेट ओढलेली. डॉक्टरांनी वेष्टन पाहताच त्या बंद केल्या, कारण धूम्रपान करणाऱ्यांत त्या द्रव्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अमेरिकेतील राष्ट्रीय नेत्र संस्थेच्या २००१ सालच्या अभ्यासात क आणि ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटीन, जस्त व तांबे यांच्या मिश्रणाने आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला होता. २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासानंतर बीटा-कॅरोटीनच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झिॲक्सँथिन आले. ओमेगा-३ ची भर घालून मात्र अधिक लाभ दिसला नाही. हा लाभ मध्यम टप्प्यावरच्या, किंवा एका डोळ्यात आजार बळावलेल्या रुग्णांपुरता आहे. माझ्या धाकट्या भावाचे डोळे धडधाकट असूनही तो त्याच गोळ्या घेतो, आणि माझे ऐकत नाही.

गृहिणी, पुणे :
यजमानांच्या हृदयात कृत्रिम झडप असल्याने ते वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध घेतात. डोळ्यांसाठी आम्ही एकदम रोज वाटीभर पालक सुरू केला, आणि त्यातील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम उतरला, हे पुढच्या रक्ततपासणीत कळले. भाजी सोडावी लागली नाही. दर आठवड्याला तिचे प्रमाण सारखे ठेवावे लागते, इतकेच.

शेतकरी, लातूर :
माझा आजार वेगळा, मधुमेहामुळे दृष्टिपटलाला झालेला. त्यात पालेभाजीपेक्षा साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवण्याला महत्त्व आहे. मी चहातली साखर सोडली, पण लेसर चुकले नाही.

धागाकर्ती :
सर्वांचे आभार. बाबांच्या गोळ्यांचे वेष्टन काल पुन्हा वाचले, बीटा-कॅरोटीन नाही. शिवाय डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा कागद फ्रिजवर लावला असून, ते चष्मा लावून, एकेक डोळा झाकून त्यातल्या रेघा रोज पाहतात. रेघा नव्याने वाकल्या तर आजार ओला झाल्याची, म्हणजे दृष्टिपटलाखाली नव्या रक्तवाहिन्या फुटून पाझरू लागल्याची, शंका घेऊन, आहाराचा विचार बाजूला ठेवून, तातडीने दवाखाना गाठायचा आहे, कारण त्यावरची इंजेक्शने वेळेवर मिळाली तरच उरलेली दृष्टी वाचण्याची आशा असते. आज सकाळी डाव्या डोळ्याच्या रेघा कालच्यासारख्याच होत्या.