चाकं-ट्रक बदलता येतील असा स्केटबोर्ड घरी बनवायचाय, सल्ला हवा

पाऊलवाट:
लेक १३ वर्षांची. सोसायटीत पेव्हर ब्लॉक, रविवारी मात्र गुळगुळीत काँक्रीटवर खेळते. दोन बोर्ड परवडणार नाहीत, म्हणून एकच डेक (उभं राहायची फळी) बनवून त्यावर हवे तसे ट्रक (फळीखाली चाकांचा आस धरणारे धातूचे भाग) नि चाकं बदलायची असं डोक्यात आहे. ड्रिल, जिगसॉ, क्लँप घरी आहेत. ट्रक पटकन निघावेत म्हणून खटक्याचा क्लँप लावू का? डेकला मरीन प्लाय चालेल? बजेट सगळं धरून ५,०००.

कोथरूडचा_मामा:
बनवायच्या फंदात पडू नका. भाच्याला १२,५०० चा तयार बोर्ड घेतला, दोन वर्षांत एक स्क्रू हलला नाही.

पाऊलवाट:
मामा, ५,००० म्हटलंय हो.

जुलैचा_पाऊस:
बेअरिंग रबर सीलचीच घ्या. माझी पत्र्याच्या झाकणाची एका पावसात गंजून जाम झाली. साइज ६०८, म्हणजे ८ मिमी भोक, २२ बाहेरून, ७ जाडी. मोटर दुरुस्तीवाल्याकडेही मिळतात.

उतारावरून:
रबर सीलने चाक जड फिरतं. मी पत्र्याचीच वापरतो, दर महिन्याला रॉकेलमध्ये धुऊन तेल घालतो. सहा वर्षं झाली.

जुलैचा_पाऊस:
तुमच्याकडे पाऊस किती पडतो ते आधी सांगा.

फिटर_भोसरी:
ताई, क्लँप अजिबात नको. मी हौसेने बनवला होता. हादऱ्यांनी सैल झाला, पुढचा ट्रक उतारावर निसटला, कोपरात प्लेट बसवावी लागली. बोल्ट आणि नायलॉक नटच (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने न सुटणारे) लावा. मुळात ट्रक काढायचेच कशाला? नुसती चाकं बदला. पेव्हरसाठी ६० मिमी ७८ए (मऊ), काँक्रीटसाठी ५३ मिमी ९९ए (कडक). दुसऱ्या सेटमध्ये वेगळी आठ बेअरिंग आधीच बसवून ठेवा. मग चारच नट फिरवायचे. नट अर्धा इंची असतो, १३ चा पाना किंचित ढिला बसतो, पण काम होतं. ट्रक आणि डेकच्या मध्ये ३ मिमीचा रायझर (उंची वाढवणारी चकती) कायम ठेवा, नाहीतर वळताना मोठं चाक डेकला घासून जागीच थांबतं आणि पोर पुढे उडते. त्यासाठी बोल्ट सव्वा इंची लागतील.

सॅनडिएगोकर:
मऊ चाकांना अनुमोदन. १९७२ च्या सुमारास इकडे कॅलिफोर्नियात फ्रँक नॅसवर्दीने युरेथेन या प्लास्टिकची चाकं विकायला सुरुवात केली. त्याआधी मातीची नाहीतर लोखंडी असत, बारीक खडा आला तरी अडकत. डेक मात्र सात थरांचा मेपल लाकडाचाच घ्या.

कोथरूडचा_मामा:
मीही तेच म्हणतोय, तयार घ्या. आणि हेल्मेट?

पाऊलवाट:
हेल्मेट, मनगटाचे गार्ड आहेत. ते न घालता ती खाली उतरत नाही.

फिटर_भोसरी:
डेक मीही विकतच घ्या म्हणेन. मेपलच्या सात थरांत साधारण पाच लांबीच्या दिशेने असतात, दोन आडवे. आपल्या प्लायमध्ये एकाआड एक आडवे, म्हणून लांबीत लवकर लवतो. उचललेली शेपटी तर पहिल्या आपटीत तडकेल. बनवलाच तर भोकं आताच्या मापाने पाडा: लांबीत ५४ मिमी, रुंदीत ४१. जुन्या ट्रकचं माप लांबीत ६३ आहे, दोन्ही हवं असेल तर भोक लांबट करा.

उतारावरून:
रॉकेल मिळत नसेल तर बेअरिंगला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं.

पाऊलवाट:
सगळ्यांचे आभार. क्लँप रद्द, रायझर आणि चाकांचे दोन सेट पक्के. सील रबराचेच, आमच्याकडे पार्किंगमध्ये पाणी साचतं. डेक मात्र घरीच करतोय. ६ मिमीच्या दोन मरीन प्लाय फळ्या गोंद लावून साच्यावर दाबायच्या, मध्ये हलका बाक, शेपटी नाही. उड्या ती अजून मारत नाही, आणि आकार तिने स्वतः पुठ्ठ्यावर कापलाय, तो मला टाकून द्यायचा नाही. पुढच्या ट्रकला भोकांच्या दोन जोड्या पाडतेय, उंची वाढली की पुढे सरकवता येईल.

फिटरदादा, सव्वा इंची बोल्ट कुठे मिळाले? इथल्या दोन दुकानांत एक इंचीच आहेत.

फिटर_भोसरी:
साच्यावर २४ तास दाबून ठेवा, घाई नको. बोल्ट माझ्याकडे १६ पडून आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.