नोडला, म्हणजे नेटवर्कमधल्या जोडणीच्या जागेला, मराठीत काय म्हणावं? आणि क्वेरीला, म्हणजे कंट्रोल रूममधून त्याला विचारलेल्या प्रश्नाला?

मंडळाच्या दिवाळी अंकात माझ्या कामाबद्दल लिहायचंय. मी इथे वडोद्यात फायबर नेटवर्कच्या कंट्रोल रूममध्ये असतो, ऑफिसात अर्धं गुजराती अर्धं इंग्रजी चालतं त्यामुळे कधी अडलं नाही, पण परवा दांडिया बाजारात आत्याला सांगायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला थांबलो, "नोड आयडेंटिफाय करून क्वेरी टाकतो". ती म्हणे म्हणजे नक्की करतोस काय? मूळ लॅटिन शब्द म्हणजे गाठ, पण फायबरला गाठ म्हणवत नाही, काच आहे ती, नुसती घट्ट वळवली तरी संदेश नेणारा उजेड बाहेर गळतो. खगोलात नोडला पात म्हणतात, ध्वनीत निस्पंद, वनस्पतीत पेरं. यातलं काही चालेल का?

प्रतिसाद :
पेरं नको. पुस्तकात पेरं म्हणजे पान फुटतं ती जागा आणि मधलं ते कांडं, पण बोलताना उसाचं पेर म्हणजे आपण चघळतो तो मधला तुकडाच, बोटाचं पेरही तसंच. वाचणाऱ्याला नोड म्हणजे केबल वाटेल! पात आणि निस्पंद त्या त्या विषयातच राहू द्या. मी तर ठाणं म्हणेन. ठाण्यावर कोणीतरी असतं, हाक मारली तर ओ देतं. आणि वडोद्यात बसून शब्दाला घाबरायचं काय, सयाजीरावांनी १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढून घेतला होता, त्यात मराठी होतीच.

मूळ प्रश्नकर्ता :
ठाणं आवडलं दादा. पण घरोघरी जाणाऱ्या जीपॉनमध्ये (एकाच फायबरवर अनेक घरं जोडायची पद्धत) एक घोळ आहे. एक्सचेंजमधल्या ओएलटीतून, म्हणजे मुख्य यंत्रातून, एकच फायबर निघतं आणि वाटेत स्प्लिटर त्याचे ३२ किंवा ६४ भाग करतो, नकाशावर आम्ही स्प्लिटरलाही नोडच म्हणतो, पण त्याला वीज नाही की मेंदू नाही, कितीही विचारा उत्तर येणार नाही. ३२ भाग केले की निदान १५ डीबी (उजेड किती घटला ते मोजायचं माप) उजेड कमी होतो, त्यावरूनच तो आहे हे कळतं.

प्रतिसाद :
मग तो फाटा! रस्त्याला फुटतो तसा. बोलतं ते ठाणं, मुकं ते फाटा. इंग्रजीत दोन्ही नोड म्हणून तुमची आत्या गोंधळली असेल.

मूळ प्रश्नकर्ता :
फाटा एकदम बरोब्बर, लिहून टाकला. आता क्वेरी. मला वाटतं ती एक गोष्टच नाहीये. आधी ओएलटी सगळ्यांना थोडा वेळ गप्प करतो आणि विचारतो नवीन कोण आलंय, मग घरातला डबा, जिथे फायबर येऊन संपतं तो, आपला सिरीयल नंबर सांगतो, पहिली चार अक्षरं कंपनीची पुढची आठ त्याची स्वतःची, आणि दोघं एकदम बोलू नयेत म्हणून प्रत्येकजण मनानेच थोडं थांबून बोलतो. ही हजेरी. यादीत नंबर असला तरच ओळख पटली, नुसतं ओळखलं म्हणून चालत नाही. मग उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. नंतर रोज विचारतो ते, पॉवर किती, टेंपरेचर किती, ती विचारपूस. आणि बंद पडल्यावर करतो ती चौकशी. पृच्छा हा शब्द तिन्हीला लावता येईल पण मग फरकच राहत नाही.

प्रतिसाद :
तिन्ही ठेवा. लाईट गेली की डबा शेवटचा एक मेसेज पाठवतो ना, डाईंग गॅस्प, त्याला काय लिहिणार? आचका?

मूळ प्रश्नकर्ता :
आचका बरोबर आहे पण आत्याला नको वाटेल, काकांना जाऊन वर्षही झालं नाही. शेवटचा निरोप लिहितो. कामाचा भाग एवढाच की निरोप आला तर घरची वीज गेलीये, निरोप न येता ठाणं गप्प झालं तर बहुतेक फायबर तुटलंय आणि माणूस पाठवायला लागतो.