शब्दचर्चा : घनता, दाटी, चटईक्षेत्र आणि पोहोच

प्रश्न : शहरनियोजनावरच्या लेखांत 'चटईक्षेत्र निर्देशांक वाढवला, म्हणजे घनता वाढली' असं सर्रास वाचायला मिळतं. हे शब्द समानार्थी आहेत का? आणि 'ॲक्सेसिबिलिटी'ला सुगम्यता म्हणावं की आणखी काही?

उत्तर : समानार्थी मुळीच नाहीत. निर्देशांक (एफएसआय) बांधकाम मोजतो, म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम भूखंडाच्या किती पट; घनता ठरावीक जमिनीवरची माणसं किंवा घरं मोजते. १,००० चौ.मी.चा भूखंड घ्या, निर्देशांक २. एकूण बांधकाम २,००० चौ.मी. (जिने-लिफ्ट तूर्त बाजूला ठेवू). ५० चौ.मी.ची ४० घरं बसली, घरटी ४ माणसं धरली, तर १६० माणसं, भूखंड ०.१ हेक्टरचा, म्हणून हेक्टरी १,६००. आता तेवढ्याच बांधकामात २०० चौ.मी.ची १० घरं करा, घरटी ३ माणसं. हेक्टरी ३००! निर्देशांक तोच, घनता पाचव्या हिश्शाहूनही कमी. लहान घरं पाडून ऐसपैस घरं बांधली, तर निर्देशांक वाढूनही घनता घटू शकते.

उंचीचंही तसंच. निर्देशांक २ असताना पूर्ण भूखंड व्यापला तर २ मजले, निम्मा व्यापला तर ४, पाचवा हिस्सा व्यापला तर १०. जमिनीवरच्या या व्यापाला 'भूव्याप्ती' म्हणावं.

पुरवणी : वरचे आकडे निव्वळ घनतेचे आहेत, म्हणजे भागाकार फक्त निवासी भूखंडाने केलेला. स्थूल घनतेत रस्ते, शाळा, मैदानं सगळं भाजकात येतं. वस्तीतली ४५ टक्केच जमीन निवासी असेल, तर १,६०० चे ७२० होतात. एका वस्तीची निव्वळ आणि दुसरीची स्थूल घनता शेजारी ठेवली की तुलनाच खोटी ठरते, आणि ही चूक फार होते. आकड्यासोबत भाजक लिहायलाच हवा.

'दाटी' हा आपला जुना शब्द वेगळ्या अर्थाला राखून ठेवावा : एका खोलीमागे किती माणसं. घनता जास्त असून दाटी नसू शकते. विरळ वस्तीतही एका खोलीत आठजण राहत असतील तर दाटी आहेच. शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये हा फरक ठासून मांडला होता.

दुसरं उत्तर : 'चटईक्षेत्र' या शब्दातच एक खड्डा आहे. घर घेताना चटईक्षेत्र म्हणजे भिंतींच्या आतलं वापरण्याजोगं क्षेत्र. निर्देशांकात मात्र सहसा भिंतींच्या जाडीसकट मजल्यांचं क्षेत्र धरतात. काय वगळायचं ते नियमावली सांगते. शिवाय जपानसारख्या ठिकाणी हा निर्देशांक टक्क्यांत लिहितात : तिथले २०० म्हणजे आपले २.

'ॲक्सेसिबिलिटी'ला माझं मत 'पोहोच'. 'सुगम्य' आता अपंगांसाठीच्या अडथळामुक्त रचनेला रूढ झाला आहे, तो तिथेच राहू द्यावा. पोहोच आणि गतिशीलता यांची गल्लत मात्र महागात पडते. गतिशीलता सांगते किती वेगाने, किती लांब जाता येतं. पोहोच सांगते ठरावीक वेळात किती नोकऱ्या, शाळा, दवाखाने गाठता येतात. बाजार दहा मिनिटांच्या चालीवर असेल तर गतिशीलता नगण्य असूनही पोहोच उत्तम. रस्ता रुंद करून वेग वाढवला, पण त्या ओघात वस्ती लांबवर पांगली, तर पोहोच आहे तिथेच राहते. नियोजनाचे अभ्यासक वॉल्टर हॅन्सन यांनी १९५९ मध्ये पोहोचीची व्याख्या परस्परसंपर्काच्या संधींच्या शक्यतेवर बांधली, वेगावर नव्हे.

प्रतिसाद : 'पोहोच' पटलं. फक्त ती नकाशावर वर्तुळ काढून मोजू नये. ५०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ सुमारे ७८.५ हेक्टर भरतं. काटकोनी रस्त्यांच्या जाळ्यात मात्र ५०० मीटर चालून जो चौकोन गाठता येतो, तो ५० हेक्टरचाच. मध्ये लांबलचक कुंपण किंवा पूल नसलेला नाला आला, तर त्याहूनही कमी. म्हणून बसथांब्याच्या 'चालत्या टप्प्यात' किती लोक राहतात हे काढताना अंतर पायवाटेनेच मोजावं, आणि मग त्याला घनतेने गुणावं. तिथे स्थूल घनताच घ्यायची, कारण टप्प्यातले रस्ते आणि मैदानंही त्या हेक्टरांत आलेली असतात.