दाट झाडीतल्या मोटारसायकल शर्यतीची तयारी कशी करावी?

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार. मी तीन वर्षांपासून हिरो एक्सपल्स २०० चालवतो. कुंभार्ली घाट, ओढ्याकाठच्या वाटा, माळावरचा मुरूम हे सगळे आता सवयीचे झाले आहे. परंतु येत्या फेब्रुवारीत सागाच्या एका खाजगी लागवडीत हौशी स्वारांची शर्यत आहे, तिथे साधारण ६ किलोमीटरची फेरी सलग २ तास मारत राहायची आहे आणि मी त्यात नाव दिले आहे. सरावासाठी शिराळा तालुक्यात मामांच्या सागात गेलो, तेव्हा दहाव्याच मिनिटाला हँडलचे डावे टोक खोडाला लागले, हँडल हातातून हिसकले गेले आणि मी गाडीसकट पाचोळ्यात आडवा झालो. अंगठा आठवडाभर सुजलेला होता. त्याहून मोठी काळजी अशी, की २० मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू दगडासारखे घट्ट झाले आणि क्लच दाबणेही जमेना. गाडीत काय बदल करावेत आणि सराव कसा करावा, हे जाणत्यांनी सांगावे. क्रमांकाची अपेक्षा नाही. मात्र दोन्ही तास पूर्ण करण्याची मनापासून इच्छा आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

कृष्णाकाठ, आपण विचारलेल्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे, असे मला वाटते. उघड्या माळावर वेग अंगावर घेता येतो, पण झाडीत दर दोन-तीन सेकंदांनी दिशा बदलावी लागते, आणि खोड जवळ आले की माणूस नकळत हँडल आवळून धरतो. आवळलेल्या मुठीत रक्त नीट खेळत नाही, म्हणून हात भरून येतात. आणि भरून आलेल्या हातांनी गाडी वळत नाही, म्हणून पुढचे खोड लागते. यावर उपाय गुडघ्यांचा आहे. उभे राहून टाकी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरा, वजन फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) द्या, कोपरे बाहेर ठेवा आणि मूठ इतकी सैल ठेवा की बोटे सहज हलवता यावीत. क्लचवर एकच बोट राहू द्या. सरावात दर पाच मिनिटांनी स्वतःला विचारा की मूठ सैल आहे का. सुरुवातीला उत्तर नेहमी नाही असेच येईल.

नजरेचेही तसेच आहे. ज्या झाडाकडे पाहाल त्यावरच गाडी जाते. दोन खोडांमधल्या मोकळ्या जागेकडे पाहावे, आणि पुढचे चाक तिथे पोचण्याआधी नजर त्यापुढच्या फटीवर गेलेली असावी.

फेब्रुवारीत सागाची पाने गळून वाटेवर थर साचलेला असतो, हे विशेष लक्षात घ्या. त्या पानांखाली मुळे, सुटे दगड आणि तोडलेल्या झाडांचे खुंट दडलेले असतात आणि पानांवर टायर घसरतो तो वेगळाच. पुढचा ब्रेक तिथे हळुवार वापरावा. पायांची बोटे बाहेर काढून चालवू नका, कारण खुंटाला बूट अडकला तर घोटा पिरगळतो. पंजे गाडीकडे आत वळवून ठेवा. मला स्वतःला एका खुंटाने दीड महिना घरी बसवले होते.

गाडी पडली तर ती १५० किलोच्या वर आहे हे विसरून पाठीने उचलू नका. आधी इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये टाका, हँडल वळवून त्याचे टोक जवळ घ्या आणि उसाची मोळी उचलताना बसतो तसे खाली बसून पायांच्या जोरावर उठा. एका तासात अशी गाडी पाच वेळा उचलली की दुसरा तास उरत नाही. म्हणून पहिली फेरी मुद्दाम सावकाश मारा आणि त्या फेरीत फक्त वाट पाठ करा.

हरिपूर-संगम (सांगली)

सरावाचे वर आलेलेच आहे, त्यामुळे मी गाडीपुरते लिहितो. माझे गॅरेज आहे.

हँडलची रुंदी टेप लावून मोजा आणि मामांच्या सागात सर्वांत अरुंद फट किती आहे तेही मोजा. प्रत्येक बाजूने १५ ते २० मिलिमीटर कापल्याने पुष्कळ फरक पडतो, पण कापण्याआधी ग्रिप, लिव्हर आणि स्विच आत सरकवून जागा पुरते का ते पाहा, आणि थ्रॉटलची नळी अडखळत नाही ना याची खात्री करा. दोन्ही टोकांना बांधलेला अ‍ॅल्युमिनियमचा पूर्ण हँडगार्ड बसवा. आपला अंगठा त्याने वाचला असता. लिव्हरच्या क्लॅम्पखाली नळजोडणीत वापरतात ती टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळून बोल्ट थोडे सैल ठेवा, म्हणजे गाडी पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरते.

पुढचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, एका दाताने लहान केल्यास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हळू आणि न गुरगुरता चालते, क्लच कमी लागतो. टायरमध्ये १४-१५ पीएसआयपर्यंत हवा उतरवता येते, परंतु त्याहून कमी केल्यास दगडावर रिमच्या कडेत ट्यूब चिमटून फुटते. क्लच तापल्यावर केबलचा प्ले, म्हणजे लिव्हरची मोकळी चाल, बदलतो, म्हणून तो सुरुवातीलाच नीट लावून ठेवा. शर्यतीनंतर ऑईल आणि एअर फिल्टर दोन्ही बदला. पाचोळ्याची बारीक धूळ फार वाईट असते.

कोयनाखोरे (पाटण)

एक विनंती तळमळीने करतो. सराव मामांच्याच जमिनीत करा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे आणि तिथे विनापरवाना गाडी नेणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा ठरतो. तरीही आमच्याकडे रविवारी सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचे आवाज ऐकू येतात. दुसरी गोष्ट वणव्याची. गाडी थांबवताना वाळल्या पाचोळ्यात उभी करू नका, कारण तापलेल्या सायलेन्सरला टेकलेले एक पान पुरते. सोबत झाडाची ओली डहाळी आणि पाण्याचे दोन कॅन ठेवा. आग्या मोहोळ असलेली झाडे आदल्या दिवशी पायी फिरून हेरून ठेवा.

आयोजकांना रुग्णवाहिकेबद्दल जरूर विचारा. आपल्या गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यतीतील नुकसान धरले जात नाही, याचीही नोंद घ्यावी.

कृष्णाकाठ (कराड)

सर्वांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी मामांच्या सागात टेप घेऊन गेलो. सर्वांत अरुंद फटीतून माझे हँडल दोन्ही बाजूंना जेमतेम एक-एक बोट ठेवून जाते, त्यामुळे प्रत्येक बाजूने १८ मिलिमीटर कापायचे ठरवले आहे. मूठ सैल ठेवून अर्धा तास पहिल्याच गिअरमध्ये फिरलो. चार वेळा आवळली गेल्याचे लक्षात आले, पण परत येताना हात शाबूत होते. मोहोळ एका जांभळीवर आहे. मामांनी त्या बाजूला दोरी बांधून दिली आहे.